रूथताईंचं ग्राफिक्स कार्ड

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. लग्नानंतर दिल्लीत आले, तेव्हापासून घराबाहेर सगळी हिंदीच. त्यामुळे लिहिताना हातून काही शब्द हिंदी वळणाचे पडतात. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कुणी वाचलंच तर अक्षराकडे बघू नये, रूथताईंकडे बघावं.

रूथताई आर. के. पुरमला आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. दोन दारांमध्ये फक्त जिन्याची जागा होती. त्या मूळच्या नगरकडच्या, एका मंत्रालयात स्टेनो. लग्न केलेलं नव्हतं. आईला सोबत घेऊन आल्या होत्या, ती वारल्यावर एकट्याच राहिल्या. माझे मिस्टर सरकारी गाडीवर ड्रायव्हर. ताई आमच्याहून वरच्या नोकरीत, शिकलेल्या. पण आमच्याकडे चहाला यायच्या तेव्हा स्वयंपाकघरातच पाट घेऊन बसायच्या. नाताळात त्यांच्याकडे करंज्या आणि अनारसे असायचे. पहिला डबा आमच्या घरी यायचा. पल्लवी, माझी मुलगी, लहान असताना म्हणायची, "आपली दिवाळी दोनदा असते."

त्यांना एक सवय होती. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांचं उजव्या हाताचं बोट मांडीवर हलायला लागायचं. साडीवर बारीक बारीक रेघा ओढत असायच्या. मी एकदा घाबरत विचारलं, काही दुखतं का. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, शॉर्टहँड आहे ते. तीस वर्षं साहेबांचं बोलणं टिपून घेतलं. आता दूधवालाही बोलला तरी बोट लिहून घेतं." त्यानंतर मी त्यांच्यासमोर फार जपून बोलायची. तशीही मी कमीच बोलते.

दुसरी सवय रांगेची. उन्हाळ्यात कॉलनीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा ताई बादली घेऊन उभ्या राहायच्या. कुणाच्या पुढे जायच्या नाहीत आणि कुणाला पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा मोठ्या बंगल्यातल्या साहेबांचा नोकर दोन ड्रम घेऊन थेट नळीपाशी गेला. ताईंनी टँकरची नळी हातात धरली आणि म्हणाल्या, "भैया, पीछे." तो म्हणाला, "साब को ऑफिस जाना है." ताई म्हणाल्या, "मुझे भी जाना है. साब को बोलो, नंबर आएगा." टँकरवाल्याने खूश होऊन "मैडम, आप पहले भर लो" म्हटलं, तर त्याच्यावरच डाफरल्या. त्यांच्या पुढे मी उभी होते. मी भरल्यावरच त्यांनी भरलं.

"नंबर येतो" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. क्वार्टरसाठी वर्षानुवर्षं यादीत होत्या, नंबर आला. बढतीसाठी थांबल्या, उशिरा का होईना नंबर आला. त्यांच्या ऑफिसात सगळं सीनिऑरिटीने चालायचं, आणि ते त्यांना मनापासून पटत होतं. वशिला नसलेल्या माणसाला दुसरं काय असतं, म्हणायच्या.

आता मुख्य गोष्ट. रूथताई कॉम्प्युटरवर गेम खेळायच्या.

पत्त्यांचा किंवा रंगीत गोळ्या फोडायचा नाही. चार जणांनी मिळून एक गढी राखायची, आणि तिच्यावर शत्रूच्या लाटांमागून लाटा येतात, असा तो गेम. ताई आणि आणखी तिघं आपापल्या घरून दर शनिवारी दुपारी एकत्र खेळायचे. त्या तिघांना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. एकाच्या घरी पानिपतला ब्लँकेटचं दुकान आहे, एवढं कळलेलं. त्याला त्या 'पानिपतवाला' म्हणायच्या. तो एकदा म्हणाला होता, कधी इकडे आलात तर या. ताईंनी मला सांगितलं आणि म्हणाल्या, "मराठी माणसाला पानिपतला बोलावतो, बघ त्याची हिंमत."

त्या गेममध्ये ताईंचं काम मारायचं नव्हतं. त्या वैद्य होत्या. जो जखमी होऊन पडेल त्याच्याजवळ धावायचं आणि त्याला उठवायचं. शिवाय कुठून कोण येतंय ते सगळ्यांना सांगायचं. बाकीचे माईकवर बोलायचे. ताई माईक लावत नसत, टाइप करायच्या, आणि त्यांचा टायपिंगचा वेग असा की तिघांच्या बोलण्याआधी त्यांची ओळ पोचलेली असायची. मी विचारलं, "ताई, बोलत का नाही?"

"आवाज ऐकला की आंटी म्हणतील. मग मला जपायला लागतील. मला कुणी जपायला नको आहे, सुमन. मला त्यांना जपायचंय."

मी शनिवारी भांडी उरकली की तिकडे जाऊन बसायची. ताईंच्या अंबाड्यावर ते मोठं काळं हेडफोन, पायात बूट, आणि बसायला ऑफिसातून कंडम मालाच्या लिलावात घेतलेली खुर्ची. तिचं एक चाक अडायचं. मला गेम फारसा कळत नव्हता. मी ताईंचा चेहरा बघायची. ऑफिसातून येताना तो चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा असायचा. खेळताना तसा नसायचा.

पण कॉम्प्युटर जुना होता. लढाई तोंडावर आली की चित्र अडकायचं. सगळं थिजायचं, आणि सुटेपर्यंत कुणीतरी मेलेलं असायचं. ताई हेडफोन काढून डोकं धरायच्या. "मी अडकले की तिकडे ते मरतात गं." तिघं त्यावरून कधी काही बोलले नाहीत. पण दसऱ्यानंतर त्या गेमचा नवा भाग येणार होता, तो ताईंच्या कॉम्प्युटरवर चालणारच नव्हता. पानिपतवाल्याने अदबीने लिहिलं होतं, स्टेनो, तुमची मशीन तेवढी बघा. गेममध्ये ताईंचं नाव 'स्टेनो' होतं.

आता कुणी म्हणेल, सरकारी पगार होता, नवीन घ्यायचा होता. पण ताईंनी गाझियाबादला फ्लॅट बुक केला होता आणि बिल्डरने तो अर्धवट सोडला होता. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, मग जाणार कुठे? अर्धा पगार त्या न झालेल्या घराच्या हप्त्यात जायचा. त्यामुळे कॉम्प्युटरला जे काही लागायचं ते वर्षाला एक, दसऱ्याच्या बोनसमध्ये. "सरकारचा नाताळ दसऱ्याला येतो," म्हणायच्या. मागच्या बोनसमध्ये कॉम्प्युटरची वीज देणारी सप्लाय जळाली होती म्हणून मुनिरकाच्या दुकानातून एक स्वस्तातली बसवली. त्याच्या आधीच्या वर्षी रॅम. या वर्षीचा बोनस बिल्डरने मागितलेल्या जास्तीच्या पैशात आधीच गेला होता.

कॉम्प्युटर उघडायचा असला की मला बोलावणं यायचं, टॉर्च धरायला. खाली वर्तमानपत्र पसरायचं, आधी बाथरूमच्या नळाला हात लावून यायचं, म्हणजे अंगातली थंडीतली वीज निघून जाते, आणि मग झाकण काढायचं. दिल्लीची धूळ आत पीठ सांडल्यासारखी बसलेली असायची. ताई रंगाच्या ब्रशने ती झाडता झाडता मला एकेक भाग समजवायच्या, त्यांच्या ऑफिसच्या भाषेत.

"हा प्रोसेसर. हे साहेब. सगळे निर्णय यांचे. ही रॅम, हे टेबल. टेबल जेवढं मोठं तेवढ्या फायली एकदम उघडता येतात. ही डिस्क, ही रेकॉर्ड रूम. हे कार्ड म्हणजे चित्रकार. साहेब सांगतात, हा काढतो. आपला चित्रकार म्हातारा झालाय."

"आणि हा डबा?"

"ही सप्लाय. हा शिपाई. सगळ्यांना वीज नेऊन देतो, चहासारखी."

ते माझ्या लक्षात राहिलं, कारण माझे मिस्टर ड्रायव्हर असले तरी ऑफिसात चहाही तेच नेऊन देतात.

आमच्या कॉलनीतल्या मराठी बायकांची भिशी होती. जोशीकाकूंकडे जमायचो. आमच्या भिशीची एक रीत होती. कुणाला मोठी गरज असेल तर तिने उभं राहून सांगायचं, सगळ्यांना पटलं तर त्या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता तिला. कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची फी, असं चालायचं. त्या महिन्यात रूथताई उभ्या राहिल्या. त्यांनी कधीच मागितली नव्हती, म्हणून सगळ्या वळून बघायला लागल्या.

जोशीकाकू म्हणाल्या, "बोल रूथ. बिल्डरचं काही?"

"नाही. कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय."

"ऑफिसचं काम घरी आणतेस की काय आता?"

"नाही काकू. गेम खेळायला."

आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "अगं, नाताळबाबाला सांग ना, मोज्यात घालून देईल!" दुसरी म्हणाली, "वेळेवर लग्न केलं असतं तर ही वेळ आली नसती बाई." ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांचं बोट मांडीवर हलत होतं. सगळ्यांचं बोलणं लिहून झाल्यासारखं ते थांबलं आणि त्या खाली बसल्या. ऑपरेशन सांगितलं असतं तर मिळाले असते. पण तसं सांगणं त्यांना जमणारं नव्हतं.

मग चिठ्ठी काढली. माझं नाव निघालं.

मला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. तसं घरी ठरलंही होतं. संध्याकाळी पाकीट घेऊन मी समोरचं दार वाजवलं. ताईंनी पाकीट बघितलं आणि हात मागे घेतला.

"हा तुझा नंबर आहे, सुमन. मी कसा घेऊ?"

मला बोलायला सुचत नाही. पण त्या दिवशी सुचलं. "ताई, माझा नंबर आहे ना? मग तो कुणाला द्यायचा ते मी ठरवणार."

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. मग म्हणाल्या, "उसने घेते. दान नाही. पूर्ण परत करीन."

"मी कुठे म्हटलं दान?"

त्या रविवारी आम्ही दोघींनी कॉम्प्युटर उघडला. पैसे होते चोवीस हजार. तेवढ्यात एकच मोठी गोष्ट येणार होती. कोणती आधी? ताईंनी आठवडाभर विचार केला होता. साहेब बदलायचे तर खालचा बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की रॅम बदलावी लागते. "एका साहेबाच्या बदलीत सगळं सेक्शन हलतं. ते परवडणार नाही." मग उरलेल्यांत त्यांनी तेच केलं जे त्यांच्या ऑफिसात झालं असतं. नोकरीत कोण किती जुना, ते बघितलं. कार्ड सगळ्यांत जुनं. मग डिस्क. मग रॅम. सप्लाय मागच्याच वर्षी आलेली, ती सगळ्यांत ज्युनिअर.

"कार्डाचा नंबर," ताई म्हणाल्या. "सप्लाय अजून नवी आहे. तिचा नंबर शेवटी."

मी टॉर्च धरून उभी होते. मलाही ते बरोबरच वाटलं.

नेहरू प्लेसला, कॉम्प्युटरच्या बाजारात, आम्ही दोघी बसने गेलो. दुकानदाराने खोकं काढलं आणि विचारलं, "मैडम, सप्लाई कौन सी लगी है?"

"नई है," ताई म्हणाल्या. "पिछली दिवाली में ही बदली."

"फिर कोई टेंशन नहीं."

परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. ताईंनी ते खोकं मांडीवर घेतलं होतं, आणि त्यांचं बोट त्यावर काहीतरी लिहीत होतं. त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं.

कार्ड बसवलं त्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "बघ." पडद्यावर गढीच्या बाहेर गवत होतं, आणि एकेक पातं वेगळं हलत होतं. तळ्याच्या पाण्यात गढी उलटी दिसत होती. मग तिघं आले. पानिपतवाल्याच्या अंगावर निळं चिलखत होतं. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं हा मला राखाडीच दिसत होता." त्या शनिवारी एकदाही चित्र अडकलं नाही. त्यांनी सगळ्यांना उठवलं, आणि गढी शेवटपर्यंत राहिली. ताईंनी हेडफोन काढलं तेव्हा कानांवर लाल वळ उठले होते, आणि त्या हसत होत्या. मी त्यांना तशा हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढच्या शनिवारी मी पोळ्या करत होते. समोरून फट् असा आवाज आला आणि ताईंनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा खोलीत जळक्या रबराचा वास भरलेला होता, पडदा काळा होता. ताईंच्या कानांवर हेडफोन तसंच होतं. लढाई अर्ध्यात होती.

आम्ही झाकण काढलं. मुनिरकाच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी बघून सांगितलं, "मैडम, इस सप्लाई पे इतना बड़ा कार्ड? ये जली, और बोर्ड और कार्ड दोनों को साथ ले गई." आधी सप्लाय घेतली असती, मग कार्ड, तर काहीच झालं नसतं. थोड्या पैशांची गोष्ट होती.

ताई रडल्या नाहीत. आमच्या घरी येऊन तो जळका डबा हातात घेऊन त्या पाटावर बसल्या. मी चहा ठेवला. तो डबा उलटसुलट करत म्हणाल्या, "आपण शिपायाला विचारलंच नाही. एवढं ओझं तुला झेपेल का, म्हणून."

पल्लवी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "मावशी, इतकं सिंपल आहे यार. माझ्या फोनवरून तुमचा आयडी उघडा आणि त्यांना सांगा ना, मशीन जळली म्हणून."

"नको."

"का पण?"

"ती मुलं आहेत. ऐकलं की वर्गणी काढतील. मला रांग मोडून काही नको. आणि त्यांना किती दिवस थांबवू? नवा भाग येतोय. त्यांनी दुसरा वैद्य घ्यावा."

पल्लवी मागे लागली असती. मीच तिला म्हटलं, राहू दे, ताईंना नको आहे तर. मला वाटलं, मोठ्या माणसाचा मान राखावा. आता वाटतं, त्या दिवशी मान बाजूला ठेवून फोन त्यांच्या हातात द्यायला हवा होता.

थोड्याच महिन्यांत त्या रिटायर झाल्या. मिळालेले पैसे बिल्डरकडे गेले तेव्हा कुठे फ्लॅटला दारं-खिडक्या लागल्या. पेन्शनचे कागद कुठेतरी अडकले होते. त्या क्वार्टर सोडून गेल्या तेव्हा कंडमवाली खुर्ची टेम्पोत चढवली आणि कॉम्प्युटरचा रिकामा डबा भंगारवाल्याला दिला.

त्यानंतर त्या महिन्यातून एकदा यायच्या. रविवारी, चर्चमधून थेट, गाझियाबादहून मेट्रो बदलत. पर्समधून नोटा काढायच्या. कधी हजार, कधी पाचशे. मी म्हणायची, राहू द्या ताई, सवडीने द्या. त्या ऐकायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, पल्लवीची चौकशी करायच्या, जायच्या. खरं सांगायचं तर मला वाटायचं, त्यांनी कमी कमी आणावेत. पैसे फिटत नाहीत तोपर्यंतच त्या येणार होत्या. भिशीत कुलकर्णीबाईंनी एकदा विचारलं, "सुमन, तुझं पिकोचं मशीन कुठाय गं?" मी म्हटलं, गावाकडे पैसे लागले. ताईंचं नाव घेतलं नाही.

परवा त्या आल्या. वाळल्या आहेत. जिना चढताना कठडा धरत होत्या. पाटावर बसता येईना म्हणून मी खुर्ची आणली. पल्लवी आता नोकरीला लागली आहे. ती बसली आणि म्हणाली, "मावशी, आता मी देते ना कॉम्प्युटर घेऊन. बिल्कुल नवा. सांगा काय काय टाकायचं त्यात."

ताईंनी तिच्या गालाला हात लावला. म्हणाल्या, "आता नको गं बाळ. आता हात थरथरतात. वैद्याचा हात थरथरून चालत नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी एकदा उघडला होता आयडी. गाझियाबादला, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. उशिराच. वर्ष होऊन गेलं होतं. सगळं लिहिलेलं असतं त्यात, कोण कधी खेळलं, कोण जिंकलं."

"घेतला होता दुसरा वैद्य?" मी विचारलं.

"नंतर घेतला. पण आधी हिवाळा संपेपर्यंत त्यांनी चौथी जागा रिकामी ठेवली होती. चौघांचा खेळ तिघंच खेळत होते. दर शनिवारी. दर शनिवारी हरत होते."

ताईंचं बोट मांडीवर हलत नव्हतं.

"मी समजत होते, माझ्या जागी लगेच कुणीतरी येईल. नियम तोच असतो. जागा रिकामी झाली की पुढच्याचा नंबर. त्यांनी तो लावलाच नाही."

मी चहा गाळला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून रिकामा केला, खाली ठेवला, आणि पर्स उघडली. दोन हजार होते, सगळ्या शंभराच्या नोटा, रबर लावलेल्या.

"हे शेवटचे. मोजून घे."

"असू द्या ताई, तुम्ही मोजलेच असतील."

"मोज, सुमन."

मी मोजले. एकेक नोट पाटावर ठेवत, मोठ्याने. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. बरोबर होते. माझं त्यांच्याकडून आता काहीच येणं राहिलेलं नाही.